लाल छताच्या मावशी

मावशींकडे कुणी पहिल्यांदा आलं की त्या त्याला दारातच थांबवत. "बूट मागनं काढ. आधी वर बघ." माणूस गोंधळून वर बघे. वर छत होतं आणि ते लाल होतं. विटकरी नाही, मरून नाही, ओल्या कुंकवासारखं लाल. हॅलिफॅक्सच्या फेब्रुवारीतून, मळक्या बर्फातून आत आलेल्या माणसाची नजर त्या छतावर गेली की क्षणभर त्याला काही सुचत नसे. मावशी त्या क्षणाचीच वाट बघत असत. "हं, आला जिवंत," असं म्हणून मगच त्या कोट हातात घेत.

मी आणि समीर वॉटर्लूहून हॅलिफॅक्सला आलो तेव्हा मावशींच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहिलो. मी नागपूरची, समीर पुण्याचा, मावशी मिरजेच्या. मिरजेत डॉक्टर होऊन त्या लग्नानंतर कॅनडात आल्या, त्याला पन्नास वर्षं होत आली होती. पण बोलणं अजून कृष्णाकाठचं होतं. स्वतःबद्दल त्या "मी आलो, मी जेवलो" असंच बोलत. पहिल्या आठवड्यात फोन आला, "मी खाली येतो जरा, काहीतरी आणलंय." समीरला वाटलं, घरात कुणी काकाही राहतात. त्यानं घाईघाईनं शर्ट बदलला. दारात उभ्या होत्या पाच फुटांच्या मावशी, हातात थालीपीठाचा डबा आणि अंगात पोपटी स्वेटर.

खरे काका चार वर्षांपूर्वी वारले होते. गोदीत इंजिनियर होते. फार कमी बोलणारे. फोटोत दिसतात त्यात नेहमी फिकट शर्ट आणि शांत चेहरा. मी एकदा विचारलं, "काकांना चालायचं का हो हे सगळं?" मावशी म्हणाल्या, "त्यांना काय विचारायचं? घरात एक माणूस शांत असला की पुरे. भिंती कशाला शांत पाहिजेत?" मग म्हणाल्या, "पण शिडी तेच धरायचे हं. प्रत्येक वेळी."

वरच्या मजल्यावर जाणं हा एक प्रवासच होता. स्वयंपाकघर हळदीच्या रंगाचं, जेवणघर पिकल्या जांभळाचं. दारांच्या सगळ्या चौकटी मोरपंखी. वॉशरूममध्ये भिंतभर केळीच्या पानांचा वॉलपेपर, इतका दाट, की आत बसल्यावर कुठून तरी माकड येईल असं वाटे. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला शेंदरी पट्टा. तो पट्टा तेवढा नवा दिसत होता. मला वाटलं, म्हातारपणी सुचलेली आणखी एक हौस.

तिथल्या मराठी मंडळींमध्ये त्या घराची चेष्टा चालायची. गणपतीला सगळे जमले की कुणीतरी म्हणायचंच, "मावशी, गॉगल आणायला हवा होता." त्या वर्षांत ज्यानं त्यानं घर घेतलं की आत सगळं एकाच छापाचं असे. भिंती फिकट, सोफा फिकट, गालिचा त्याहून फिकट, आणि भिंतीवर काळ्या फ्रेममध्ये एखादं पान. मावशी अशा घरात गेल्या की भिंतीला हलकेच हात लावून विचारत, "प्रायमर छान बसलाय. रंग कधी देणार?" यजमानीणबाई हसावं की रागवावं या विचारात असतानाच त्या बटाटेवड्यांकडे वळलेल्या असत.

एवढा रंगाचा सोस कुठून आला, हे मला एका रविवारी कळलं. त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. चौतीस वर्षं हॉस्पिटलात मायक्रोस्कोपला डोळे लावून लोकांच्या गाठी तपासल्या. मटार सोलता सोलता म्हणाल्या, "शरीराचा तुकडा कापून काचेवर ठेवला ना, की काही दिसत नाही गं. पाण्यासारखं असतं. सगळं आहे, पण दिसत नाही. मग त्याला रंग द्यायचा. गुलाबी आणि जांभळा. रंग दिला की मग कळतं, कुठं काय आहे, कुठं काय बिघडलंय. रोज दुसऱ्याची वाईट बातमी मी त्या दोन रंगांत बघितली. घरी येऊन पांढऱ्या भिंतीकडं बघायचो, तर वाटायचं, ही काच अजून तपासायची राहिलीय." मटाराच्या शेंगा संपल्या होत्या. त्यांनी सालांचा ढीग उचलला आणि विषय बदलला.

आम्ही दोन वर्षांनी स्वतःचं टाउनहाउस घेतलं. तोवर जग फिरायला लागलं होतं. फोनवर लोक गडद हिरव्या खोल्या दाखवू लागले, भिंतीच्या रंगाचंच छत, छताच्याच रंगाचं दार. मोठमोठ्या फुलांचे वॉलपेपर परत आले. मावशींना रंगाच्या दुकानात घेऊन गेले तेव्हा तिथली केसांना निळा रंग लावलेली मुलगी त्यांच्या फोनमधले घराचे फोटो बघून ओरडलीच. तिनं आणखी दोघांना बोलावून फोटो दाखवले. म्हणाली, हे आता सगळ्यांना हवंय, तुम्ही ट्रेंडच्या पुढे आहात. बाहेर आल्यावर मावशी गाडीत बसल्या, बेल्ट लावला आणि म्हणाल्या, "मी जागचा हललो नाही गं. जगच फिरून आलं."

आमचं घर मात्र पांढरंच होतं. समीर म्हणायचा, रंग द्यायचा नाही, रीसेल व्हॅल्यू जाते. मावशींनी ते ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "समीर, तू अजून राहायला आला नाहीस, आणि विकायचं काय बघतोयस रे?" समीर लाजला. शेवटी तह झाला. झोपायच्या खोलीची एक भिंत, फक्त एक. रंग मावशी निवडणार. त्यांनी अंजिरी निवडला. आणि शनिवारी सकाळी जुना ओढणीचा फडका डोक्याला बांधून, स्वतःचा ब्रश घेऊन हजर झाल्या.

त्या दिवशी मला जे दिसलं ते मी आधी स्वतःपाशीही कबूल केलं नाही. मावशी कडा फार सुंदर काढत होत्या. छताला लागून, चौकटीला लागून, टेप न लावता, एका सरळ रेघेत. पण भिंतीच्या मधल्या भागात त्या रोलर फिरवत आणि मध्येच हातभर पांढरी जागा सोडून पुढे जात. रंगाचे दोन हात झाले. मागे सरून त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि समाधानानं म्हणाल्या, "झालं. एकसारखं बसलंय बघ." भिंतीवर मधोमध तीन पांढरे डाग तसेच होते. समीर काही बोलणार, तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला.

घरी सोडताना मी गाडी त्यांच्या दारापाशी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. त्याच म्हणाल्या, "राहिलंय ना काहीतरी? मला वाटलंच. तू एकदम गप्प झालीस." मग समोर बघत सांगितलं, "दोन्ही डोळ्यांत मधोमध धुकं आहे. कडेकडेनं दिसतं. तुझ्याकडं बघितलं की तुझे कान दिसतात, नाक दिसत नाही. इंजेक्शनं झाली, आता त्यांचाही उपयोग नाही."

"निखिलला सांगितलंत?" निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅलगरीला असतो.

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

"पण मावशी, तुम्ही एकट्या राहता. पडलात तर?"

"कशाला पडतो मी? पिवळं दिसलं की स्वयंपाकघर. जांभळं दिसलं की जेवायची खोली. मोरपंखी चौकट असली की दार. पायरीला शेंदरी पट्टा मारलाय, तो सरला की जमीन. या घरात मी डोळे नसलेल्यागत नाहीच." मग माझा हात धरून म्हणाल्या, "बोटी बघितल्यास ना इथल्या? लालभडक, पिवळ्याधमक. धुक्यात दिसावं म्हणून रंगवतात. त्यांना कुणी विचारत नाही, एवढा भडक रंग कशाला म्हणून."

मी वचन दिलं. ते द्यायला नको होतं, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

पुढच्या वसंतात घर विकायचं ठरलं. ते मावशींनीच ठरवलं, कारण दारातला बर्फ फावड्यानं काढणं आता झेपत नव्हतं आणि बंदराजवळच्या वृद्धांच्या इमारतीत जागा मिळत होती. निखिल आला. पंचेचाळिशीचा, उंच, वडिलांसारखाच कमी बोलणारा. घर विकून देणाऱ्या बाईनं एक फेरी मारली आणि सांगितलं की सगळं घर आतून न्यूट्रल, फिकट करून घ्या, असं घर कुणाच्या डोक्यात बसत नाही. निखिलनं मान हलवली. मला त्याच्या चेहऱ्यावर दुःख काही दिसलं नाही. उलट सुटका दिसली.

रंगारी काम करत होते ते पाच दिवस मावशी आमच्याकडे राहिल्या. मी तीनदा म्हटलं, "आता तरी सांगूया त्याला." त्या म्हणाल्या, "चार दिवसांचा प्रश्न आहे. सामान बांधलं की मी निघालोच की तिथनं."

सहाव्या दिवशी आम्ही गेलो. निखिल दारात उभा होता. मावशींनी आत पाऊल टाकलं, सवयीनं वर बघितलं. आत सगळं एकच झालं होतं. छत, भिंती, चौकटी, जिना, सगळ्यावर तोच दुधात पाणी घातल्यासारखा रंग. फर्निचरही हलवलेलं. मावशी दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपलं. चाळीस वर्षं राहिलेल्या घरात त्या उभ्या होत्या आणि कुठं जायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"निखिल," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "स्वयंपाकघर कुठं गेलं रे?"

त्याला वाटलं, आई टोमणा मारतेय. तो म्हणाला, "आई, प्लीज. डोंट स्टार्ट."

मी पुढे होईपर्यंत उशीर झाला. जेवणघरात उतरायला एक पायरी होती. तिच्या कडेचा शेंदरी पट्टाही आता नव्हता. मावशी पडल्या तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मनगट मोडलं होतं, कपाळाला खोक पडली होती.

इमर्जन्सीत आम्ही पाच तास बसलो. मावशींना एक्स-रेला नेलं तेव्हा मी निखिलला सगळं सांगितलं. धुकं, इंजेक्शनं, पिवळं, जांभळं, शेंदरी पट्टा, आणि मी दिलेलं वचन. तो आधी भडकलाच. "यू न्यू? एक वर्ष तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "हो. माझी चूक झाली. मी सांगायला हवं होतं." तो हातातला कॉफीचा रिकामा कप फिरवत बसला. मग मोडक्या मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजीत, बोलायला लागला.

शाळेत असताना तो मित्रांना पुढच्या दारानं घरात आणत नसे. मागच्या बाजूनं थेट बेसमेंटमध्ये नेई, म्हणजे वरचं काही दिसू नये. एकदा एक मुलगा चुकून वर आला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत निखिलच्या घराला सर्कस म्हणाला. "मी घरी येऊन आईला म्हटलं, व्हाय कान्ट वी बी नॉर्मल? दुसऱ्या दिवशी तिनं बेसमेंट पांढरं केलं. सगळं. माझ्यासाठी. आय वॉज सो हॅपी." त्यानं कप खाली ठेवला. "आणि आता मी तिचं सगळं घर पांढरं केलं."

त्या बेसमेंटमध्येच आम्ही दोन वर्षं राहिलो होतो. तेवढंच का पांढरं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मावशी प्लॅस्टर घालून बाहेर आल्या तेव्हा निखिल उठून उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, म्हणजे थोडं त्याच्या बाजूला बघितलं, तसं बघितल्याशिवाय त्यांना चेहरा दिसत नसे. "सांगितलं वाटतं हिनं," त्या म्हणाल्या. निखिलनं त्यांचा चांगला हात धरला. मावशी म्हणाल्या, "रडू नकोस. त्या रंगाऱ्यांनी सगळीकडं एकच रंग का मारला, कळलं का? कडा काढायला येत नाहीत त्यांना."

वृद्धांच्या इमारतीतलं अपार्टमेंट चौथ्या मजल्यावर होतं. जमीन, भिंती, कपाटं सगळी एकाच फिक्या रंगाची. निखिलनं इमारतीच्या मॅनेजरबाईंना आधी फोन केला, मग डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र जोडून लिहिलं, मग स्वतः जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी परवानगी घेऊनच आला. कामावर दोन आठवड्यांची रजा टाकली. आयुष्यात त्यानं कधी हातात ब्रश धरला नव्हता.

ते दोन आठवडे मी विसरणार नाही. मावशी खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसलेल्या, हात गळ्यात बांधलेला. निखिल शिडीवर. शिडी समीरनं धरलेली. त्याला आता रीसेल व्हॅल्यूचं नाव काढायची सोय नव्हती. रंग कोणते हवेत असं निखिलनं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "मला काय विचारतोस? तू निवड. मला फक्त एकापासून दुसरा वेगळा दिसला पाहिजे." निखिल दुकानात तीन तास उभा राहिला. बैठकीला गडद निळा घेतला, स्वयंपाकघराला नारिंगी, पलंगामागच्या भिंतीला राणी रंग. वॉशरूमसाठी मोठ्या मोठ्या कमळांचा वॉलपेपर आणला आणि तो लावताना दोनदा स्वतःच्याच अंगाला चिकटवून घेतला.

"कडेला थांब जरा," मावशी खालून म्हणायच्या. "घाई कशाला करायलास? विमान पकडायचंय का?"

"होय आई. रविवारी."

"मग रविवारी पकड. आज शुक्रवार आहे."

मला खात्री आहे, त्या दोघांनी एकमेकांशी चाळीस वर्षांत मिळून तेवढं बोलणं केलं नसेल. ते सगळं रंगाबद्दलच होतं. पातळ झालाय, ओघळ आलाय, दुसरा हात दे. पण शनिवारी संध्याकाळी, निळी भिंत पूर्ण झाल्यावर, निखिल शिडीवरून उतरला आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला. मावशींनी त्याच्या केसांतून हात फिरवला. हाताला निळा रंग लागला. "काकांसारखा झालायस अगदी," त्या म्हणाल्या. आपल्याच नवऱ्याला त्या आमच्यासारखं काका म्हणत. "बोलत नाही, पण शिडी चढतोस."

जुनं घर एका तरुण जोडप्यानं घेतलं. चार महिन्यांनी मी त्या रस्त्यानं जात होते तर दारात रंगाऱ्यांची व्हॅन. खिडकीतून दिसलं, जेवणघराला जांभळा रंग चालला होता. वांग्याकडे झुकणारा, पण जांभळाच. मी धावत मावशींकडे गेले आणि सांगितलं. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "बिचारे," म्हणाल्या. "आयतं मिळत होतं."

त्या इमारतीत त्या तीन वर्षं राहिल्या. शेजारपाजारच्या म्हाताऱ्या त्यांचं घर बघायला यायच्या. एकीनं आपलं कपाट पिवळं करून घेतलं, एकीनं पडदे बदलले. मॅनेजरबाईंना नवीन येणाऱ्यांसाठी एक नमुन्याचं घर दाखवायचं असलं की त्या मावशींच्याच दारावर टकटक करायच्या. मावशींना ते आवडायचं. निखिल दर दोन महिन्यांनी कॅलगरीहून येऊ लागला. आला की कुठे टवका उडालाय का ते बघायचा आणि डाग भरून द्यायचा. टवके फार नसायचेच. तरी यायचा.

शेवटच्या वर्षी ते कडेकडेनं दिसणंही गेलं. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मी त्यांना खिडकीशी नेऊन बसवायची. मग त्या विचारायच्या, आज काय घातलंस? कुठल्या रंगाचं? नुसतं हिरवं म्हटलं की चिडायच्या. "हिरवं म्हणजे काय? कच्च्या चिंचेचं का शेवाळाचं? नीट सांगायला काय होतंय तुला?" मी सांगायला शिकले. आता दुकानात गेले, रस्त्यानं चालले, टाउनहाउसमध्ये आल्यावर झालेल्या आमच्या मुलीला बालवाडीत सोडायला गेले तरी मनात तेच चालू असतं. आकाश कुठल्या निळ्याचं, शेजाऱ्याची गाडी कुठल्या लालाची. माझी मुलगी म्हणते, "ममा, इट्स जस्ट रेड." मी तिला थांबवून पुन्हा बघायला लावते.

मावशी मागच्या नोव्हेंबरात गेल्या. झोपेतच, सकाळच्या वेळी. निखिल वेळेवर पोचला होता.

त्याच्या दहाएक दिवस आधीची दुपार. बाहेर वारं होतं. मी त्यांच्या पायांवर शाल घातली आणि खिडकीशी खुर्ची ओढली. पलीकडच्या काठाला जाणारी फेरीबोट बंदरातून निघाली होती.

"पाणी कसं आहे आज?" मावशींनी विचारलं.

"ग्रे," मी म्हटलं. मी दमलेली होते, मुलीला ताप होता, लक्ष नव्हतं.

"नीट बघ."

मी बघितलं. खूप वेळ बघितलं. "काठाशी पारवा आहे," मी सांगितलं. "जुन्या पारव्या साडीच्या पदरासारखा, धुऊन धुऊन मऊ झालेला. जरा पुढं शिसाच्या पेन्सिलीनं गिरवल्यासारखं. फेरीच्या मागं पाणी फुटतंय तिथं आतून हिरवं दिसतंय, काचेच्या बाटलीच्या तळासारखं. आणि मध्येच एक पट्टा आहे, तिथं ढगातून ऊन पडलंय. तो जस्तासारखा. नाही, थांबा. कल्हई केलेल्या पातेल्यासारखा."

मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. ओठ हलकेच हलत होते, जणू एकेक रंग मनात ठेवून घेत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता दिसलं. चहा टाक जरा, मी बघत बसतो."